नाकाखालचा बाम

तुम्हाला वाटून राहिलं असेल, नर्सिंगच्या पोराची आठवण म्हणजे आता एक पांढरा कोट येईल, एक मरायला टेकलेला म्हातारा येईल, तो माझा हात हातात घेऊन आशीर्वाद देईल आणि शेवटी मी खिडकीतून आभाळाकडे पाहीन. नाही बाप्पा. म्हातारा आहे, ते कबूल. पण त्यानं माझा हात धरला तो मटार द्यायला. आणि आभाळाकडे पाहायला मला वेळच नव्हता, मी भर रस्त्यात स्वतःच्या बाहीचा वास घेऊन राहिलो होतो.

जेवत असाल तर आधी जेवून घ्या. मी थांबतो.

झालं? चलो. ही गोष्ट एका उजव्या पायाची आहे. तो पाय राहतो की घोट्यापासून जातो, हे एका दुपारी माझ्या नाकावर येऊन अडलं होतं. एवढंच. बाकी मी मध्ये मध्ये फालतू बोलतो, ती सवय आहे, तिकडं लक्ष देऊ नका.

मी शहपुऱ्याचा. बाबा तिथं तहसिलीत बाबू. शाळेत मी अभ्यासात कुठंतरी मधे आणि नकला करण्यात पहिला. हेडमास्तर, बसचा कंडक्टर, भोंग्यावर भाजी विकणारा, सगळे माझ्या गळ्यात राहायचे. बारावीनंतर बाबा म्हणाले, नर्सिंग कर, नोकरी पक्की. मी म्हटलं, हाव. मला वाटलं तापाच्या गोळ्या द्यायच्या, नाडी मोजायची, पेशंटला हसवायचं. जबलपूरला कांचघर मोहल्ल्यात मावशीकडं राहायला आलो. वासाबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. ना बाबा, ना मावशी, ना प्रवेशाचा फॉर्म.

वॉर्डाचा वास एक नसतो. वरून फिनाईल असतं, ते चांगलं, ते तर मला आवडायला लागलं. त्याच्या खाली पातळ डाळ, घाम, ओली गादी, लघवी. आणि त्याच्याही खाली एक असतो, जो दारातून येत नाही, एखाद्या पलंगाजवळ गेलं की तिथंच उभा असतो. पहिल्या आठवड्यात मला एका आजोबांचं बेडपॅन उचलायला सांगितलं. मी उचललं. चार पावलं गेलो. पाचव्या पावलाला माझ्या पोटानं निर्णय घेतला. व्हरांड्यात आग विझवायच्या वाळूची लाल बादली टांगलेली असते ना, ती त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या कामी आली.

दुसऱ्यांदा पाठीच्या जखमेची पट्टी बदलून राहिले होते. मी फक्त ट्रे धरून उभा होतो. पट्टी उघडली, मी ट्रे टेबलावर ठेवला, अगदी अदबीनं ठेवला, आणि पळालो. चादरींच्या खोलीत जाऊन धुतलेल्या चादरींत तोंड खुपसून बसलो. तिथं सिस्टरनं मला पकडलं.

आमच्या वॉर्डाची सिस्टर नागपूरकडची, लग्न होऊन इकडं आलेली. वॉर्डात ती हिंदीच बोलायची. मराठी फक्त दोनदा ऐकू यायची. फोनवर तिच्या आईशी, आणि राग फारच वर गेला तर. बोलायच्या आधी ती अंबाड्यातून पेन काढायची, पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक करायची, आणि हुकूम संपला की म्हणायची, "समझे कि नहीं समझे?" हे सगळं मी पहिल्या तीन दिवसांतच उचललं होतं. होस्टेलच्या पोरांत माझी ती सिस्टर फार चालायची.

त्या दिवशी चादरींच्या खोलीत खरी सिस्टर पेन काढून उभी होती. टकटक करायला पलंग नव्हता, म्हणून तिनं कपाटावर केली.

"दो बार हो गया. तीसरी बार भागे तो मैं कॉलेज को लिख दूँगी कि ये लड़का इस काम का नहीं है. समझे कि नहीं समझे?"

समजलो. इतका समजलो की झोप गेली. रात्री मला मावशीच्या घरातही वॉर्ड येऊ लागला. उशीचा वास यायचा, तांब्याच्या पाण्याचा यायचा. दिवसातून दोनदा आंघोळ करायचो. मावशी म्हणाली, "काहून रे, साबण खाऊन राहिला का? तीन दिवसात वडी संपली." जेवायला बसलो की डाळीकडं पाहत राहायचो. डाळ माझ्याकडं पाहायची. मग मी म्हणायचो, दुपारी खाल्लं मावशी, भूक नाही.

वर्गातली पोरं एकेक उपाय सांगायची. कोणी म्हणालं, तोंडानं श्वास घे. घेतला. तोंडानं श्वास घेतला की वास येत नाही, चव येते. हे कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणालं, मास्कच्या आत टूथपेस्ट लाव. त्यानं दिवसभर असं वाटलं की कोणीतरी संडासात बसून दात घासून राहिलं आहे. शेवटी एका सीनियर दीदीला माझी दया आली. तिनं खिशातून बामची छोटी डबी काढली.

"मूँछ की जगह पर. मास्क के अंदर. ज़रा सा, समझा? ज़रा सा. आठ-दस दिन, फिर आदत हो जाएगी."

ज़रा सा हे तिनं दोनदा म्हटलं, हे मला चांगलं आठवतं. मी ओमतीच्या बाजारातून स्वतःची डबी आणली आणि दुसऱ्या दिवशी बोट भरून लावला. डोळ्यांतून पाणी, नाकात आग, पण वॉर्ड गायब! पलंग होते, पेशंट होते, वास नव्हता. मी बेडपॅन असं उचललं जसं काही लग्नातलं मिठाईचं ताट. दोन आठवड्यांत मी वॉर्डातला हुशार पोरगा झालो. भूक परत आली. नकलाही परत आल्या. सिस्टर एकदा माझ्याकडं पाहून काही बोलली नाही, आणि तिचं काही न बोलणं म्हणजे शाबासकी होती.

एक गोष्ट तेव्हा पाहिली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. सिस्टर जखमेवरचं जुनं गॉज काढायची, ते चिमट्यात धरून एक सेकंद थांबायची, मग पिवळ्या बादलीत टाकायची. प्रत्येक वेळी तो एक सेकंद. मला वाटायचं, वय झालं, दम घेते.

दद्दा डिसेंबरात आले. शहपुऱ्याच्या पलीकडच्या गावचे, चार एकरात मटार लावणारे. इकडं म्हाताऱ्यांना दद्दाच म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला मी अम्मा म्हणायला लागलो. दद्दांना जुनी शुगर. पायाच्या नसा मेलेल्या, पावलात काहीच कळायचं नाही. थंडीत शेतावर शेकोटीजवळ बसले होते, पाय आत सरकवून. रबराची चप्पल वितळली तरी समजलं नाही. अम्मा म्हणाली, "हमने कही, सुनो, कछू जल रओ है. जे बोले, भुट्टा जल रओ हुइए." भुट्टा नव्हता, अंगठा होता.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी पायाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, मलाही. अंगठा काळा आहे, तो कोरडा राहिला तर आपण वाट पाहू. पण ओलं झालं, सडायला लागलं, तर ते एका दिवसात वर चढेल आणि मग घोट्यापासून काढावं लागेल. म्हणून रोज पट्टी उघडून चार गोष्टी पाहायच्या आणि सांगायच्या: रंग, पाणी, सूज, वास. "बास सबसे पहले आती है," ते म्हणाले. "दर्द इनको होगा नहीं."

अम्माचं तोंड घोटा म्हटल्यावर जे पांढरं पडलं ते मग पांढरंच राहिलं. ती मला बाजूला घेऊन विचारायची, "बेटा, एक गोड़ से मटर कैसे तोड़हैं?" एका पायावर मटार कसा तोडणार.  मी शहपुऱ्याचा आहे म्हटल्यावर तर मी तिचाच झालो होतो. पलंगाच्या दांडीला मटारची थैली टांगलेली असायची, गावाहून कोणी आलं की नवी. जाता-येता दद्दा माझा हात धरून मूठभर शेंगा कोटाच्या खिशात कोंबायचे. बदल्यात मी त्यांना शहपुऱ्याचा भाजीवाला ऐकवायचो, डॉक्टरांची राउंड ऐकवायचो. पण त्यांची आवडती एकच. सिस्टर नसली की हळूच म्हणायचे, "वो सिस्टर वाली उतारो."

मी अंबाड्यातून नसलेला पेन काढायचो. दांडीवर टकटक. "दद्दा, मीठा बंद, बीड़ी बंद, बकबक बंद. समझे कि नहीं समझे?" दद्दा पोट धरून हसायचे. पाय हलू नये म्हणून अम्मा त्यांचा गुडघा दाबून धरायची आणि स्वतःही हसायची.

मग तो गुरुवार. सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून जखमी झालेले चार जण एकदम आले. सिस्टर तिकडं. जाता जाता म्हणाली, दद्दांची पट्टी तू उघड, साफ कर, दीदी बाजूच्या पलंगावर आहे, काही वाटलं तर तिला बोलाव, आणि झाल्यावर मला येऊन चारही गोष्टी सांग. माझ्यावर पहिल्यांदा सोपवलेली पट्टी. मी मुतारीत जाऊन बामचा नवा थर लावला. नेहमीपेक्षा जास्तच, कारण आज एकटा होतो आणि पळालो तर तिसरी वेळ झाली असती.

पट्टी उघडली. अंगठा तसाच काळा. कडेला थोडं हिरवट ओलं होतं. खोटं कशाला बोलू, ते मला दिसलं. पण मलमही तसंच दिसतं, असं मी मनात म्हटलं, आणि मनानं लगेच हो म्हटलं. सूज कालच्याइतकीच वाटली. गॉज बादलीत टाकलं. एक सेकंदही थांबलो नाही. दीदीला बोलावलं नाही, कारण ती विचारेल, घाबरला का.

अम्मा पदर नाकाशी धरून उभी होती. मला वाटलं रडते. ती माझ्या कानाशी आली.

"बेटा, सच्ची बताओ. बास तो नईं आ रई?"

आता काय झालं, की माझ्या नाकात तेव्हा फक्त निलगिरीचं जंगल होतं. आणि मला ती हसायला पाहिजे होती. मी डॉक्टरांच्या जाड आवाजात म्हटलं, "बिल्कुल नहीं, अम्मा जी. एकदम फर्स्ट क्लास."

तिनं पदर खाली केला. मोठा श्वास सोडला. "हम तो रात भर डरा गए हते," ती म्हणाली. "हमें लगी हमाई नाक में कछू है." आणि दद्दांनी माझ्या खिशात दोन मुठी कोंबल्या.

मी जाऊन सिस्टरला सांगितलं. रंग तसाच, पाणी थोडं, सूज कालच्याइतकीच. ती एका पोराच्या डोक्याला टाके घालणाऱ्या डॉक्टरला सामान देऊन राहिली होती. वळून न पाहता म्हणाली, "और बास?"

"नहीं है."

"पक्का?"

"पक्का, सिस्टर."

तिनं ते तसंच लिहिलं.

दोन वाजता सुटलो. ओमतीला ऑटो बदलायचा असतो, तिथं एक समोसा घेतला, चहा घेतला. गरम चहानं घाम आला आणि बाम वितळून ओठावर उतरला. चहात बाम. मी दुकानाच्या पिंपाच्या पाण्यानं तोंड धुतलं, रुमालानं घासून घासून पुसलं, आणि कांचघरच्या ऑटोत मागं कोंबून बसलो. कोट मांडीवर घडी करून. खिशातले मटार काढून सोलायला लागलो.

वास आला.

नाला असेल, मला वाटलं. ओमतीला नाला आहेच. ऑटो निघाला, नाला मागं राहिला. वास नाही राहिला. गोडसर होता, जसं पावसात विसरलेलं फळ, आणि त्याच्या आत काहीतरी, ज्याला मला नाव देता येत नाही, आजही नाही. शेजारच्या बाईनं पदर लावला. समोरचा माणूस आपले जोडे उलटे करून पाहायला लागला. "किसी ने कुछ कुचल दिया है क्या भैया?" मीही माझे जोडे पाहिले. सगळ्या ऑटोनं आपापले जोडे पाहिले. मग मी मटार तोंडाशी नेला आणि हात अर्ध्यात थांबला. वास मटारचा नव्हता. हाताचाही नव्हता. मांडीवरच्या कोटाच्या उजव्या बाहीला, कडेला, रुपयाएवढा एक डाग वाळून कडक झाला होता. गॉज टाकताना लागला असणार.

मी बाही नाकाशी नेली. बाई माझ्याकडं पाहून राहिली होती. मी परत नेली.

 उलटी आली नाही. उलटी आली असती तर बरं झालं असतं. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: वास नाही. डॉक्टर उद्या सकाळी दहाला येणार. एका दिवसात वर चढतं, असं ते म्हणाले होते, आणि अम्माच्या म्हणण्यानं रात्रीपासून येऊन राहिला होता. म्हणजे अर्धा दिवस गेलाच होता. मी बोटांवर तास मोजायला लागलो, चुकलो, परत मोजले.

आणि खरं सांगतो, दुसरा एक आवाजही होता, माझाच, कोणाची नक्कल नाही. तो म्हणून राहिला होता, डाग दुसऱ्याचाही असेल. दुसऱ्याही एका पट्टीला ट्रे धरला होता तू आज. सकाळी सात वाजता जा, स्वतः उघड, तेव्हा सांग की आज वास आला. कोणाला काय कळणार? आता गेलास तर सिस्टर कॉलेजला लिहिणार. बाबा शहपुऱ्याहून येतील, ऑफिसच्या बाहेर बाकावर बसतील, हातात पिशवी. ऑटोनं दोन वळणं घेतली तोवर मी हे ऐकत होतो. दोन वळणं. तेवढा वेळ मी खरंच बसून होतो.

मग मी ओरडलो, "रोको भैया!" मटार सगळे खाली सांडले.

उलटा ऑटो मिळेना. मिळाला तो सवारी भरेपर्यंत हलेना. मी दीदीला फोन लावला, बंद. वॉर्डात फोन बंद ठेवावा लागतो, नियमच आहे. मी ऑटोवाल्याला म्हटलं, चलो ना भैया, तो म्हणाला, दो और आने दो. मी उतरून पळालो, पुढचा पकडला. सगळ्या रस्त्यात मी ती बाही हुंगत होतो. कमी झाला का, आपला भ्रम तर नाही. नव्हता.

हॉस्पिटलच्या फाटकातच सिस्टर दिसली. हेल्मेट घातलेलं, स्कूटी सुरू. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"सिस्टर, दद्दांच्या पट्टीला वास आहे."

"सुबह नहीं थी."

"सकाळी मी बाम लावला होता." आणि बाही पुढं केली.

तिनं हेल्मेटची काच वर केली. माझ्या बाहीवर वाकली. एक सेकंद थांबली. तोच एक सेकंद. मग स्कूटी बंद केली, स्टँडवर लावली आणि आत चालायला लागली. इतकी भराभर की मला मागं पळावं लागलं. ओरडली असती तर मला चाललं असतं.

या वेळी मी बाम नव्हता लावला. पट्टी उघडली तेव्हा तो वास मला आला तसा कोणाला येऊ नये. डोळ्यांपुढं काळं झालं, पलंगाची दांडी धरली, पण पाय जागचे हलले नाहीत. हिरवट ओलं आता पावलावर दोन बोटं वर आलं होतं. सिस्टरनं चादर सरकवली तर खालून पांढरी पावडर उडाली. अम्मा रडायला लागली. तिनं रात्रीच अंगाला लावायची पावडर चादरीत भरून ठेवली होती. बाजूचे पेशंट तक्रार करतील, पलंग व्हरांड्यात काढतील, ही भीती.

"बेटा ने कही थी, नईं आ रई," ती सिस्टरला सांगून राहिली होती. माझी तक्रार नव्हती करत. साक्ष देत होती, की पावडर तिनं लपवायला टाकली खरी, पण सकाळी बेटानंच सांगितलं की काही नाही, म्हणून मग ती गप्प बसली.

डॉक्टर दहा मिनिटांत आले. पाहिलं, म्हणाले, आत्ता. ऑपरेशनची तयारी करा, किती काढावं लागेल ते उघडल्यावर कळेल. दद्दांना स्ट्रेचरवर घेतलं. स्ट्रेचर व्हरांड्यात आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार. पाय काहीच सांगत नव्हता, पण बाकी सगळा माणूस घाबरलेला होता.

"बेटा," म्हणाले, "वो सिस्टर वाली उतारो."

सिस्टर स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं दद्दांकडं पाहिलं.

"उतारो," ती म्हणाली. "पूछ रहे हैं तो उतारो."

मी पेन काढायला हात डोक्याकडं नेला.  स्ट्रेचरच्या दांडीवर टकटक केली, ती चारदा झाली. "दद्दा," मी म्हटलं, "मीठा बंद..." आणि पुढचं येईना. गळ्यात कोणीच नव्हतं. दद्दा वाट पाहून राहिले होते. सिस्टरनंच मग, अगदी तिच्या स्वतःच्या आवाजात, ते पुरं केलं. "बीड़ी बंद, बकबक बंद." दद्दा हसले की काय झालं ते मला नीट दिसलं नाही. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं.

मी अम्माजवळ बाकावर बसलो.  ती थैलीतून मटार काढून सोलत राहिली, दाणे पदरात, सालं जमिनीवर, आणि मध्येच विचारायची, "गोड़ रै जैहै?" पाय राहील ना. सकाळी तिनं विचारलं होतं तेव्हा मला उत्तर चटकन आलं होतं. आता मी म्हटलं, मला माहीत नाही अम्मा. दर वेळी तेच. पाच-सहा वेळा तरी विचारलं असेल.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली, अंगठा आणि बाजूचं. पाऊल राहिलं. घोटा राहिला. उद्या राउंडपर्यंत थांबलो असतो, ते म्हणाले, तर पाय राहिला नसता. हे ते सिस्टरकडं पाहून म्हणाले. मी त्यांच्या मागं उभा होतो.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. चादरींची खोली. सिस्टरनं दार लावलं. पेन काढला नाही. टकटक नाही. आणि तोंड उघडलं ते मराठीत.

"डबी दे."

मी दिली.

"पुरी रिकामी केली! भैताडा, हा बाम आहे का भिंतीचा चुना? तुला काय वाटलं, माझं नाक सरकारनं काढून ठेवलं आहे? वीस वर्षं झाली, मला आजही मळमळते. आजही! मी गॉज टाकायच्या आधी थांबते ती काय शोभेला थांबते? रोज पाहतो ना तू? माझा पेन पाहिला, माझी टकटक पाहिली, माझ्या बोलण्याची सगळी ढब उचलली, आणि जे उचलायचं होतं तेवढंच नाही उचललं. चूप. आत्ता बोलू नको.

"त्या माणसाला दुखत नाही. दुखलं असतं तर तो ओरडला असता, आपण धावलो असतो. त्याच्याजवळ सांगायला फक्त वास होता. तेवढाच होता रे! आणि तू तोंडाला जंगल लावून त्याच्यासमोर उभा राहिला. तुला उलटी नको म्हणून त्याचा पाय जाणार होता. कळून राहिलं का तुला? आणि ती बाई. तिचं नाक बरोबर होतं. रात्रभर बरोबर होतं. तू तिला खोटं पाडलं. शिकलेल्या पोरानं नाही म्हटलं म्हणून तिनं स्वतःच्या नाकावरचा विश्वास सोडला. हसवलं म्हणे! तिला हसायचं नव्हतं, तिला खरं ऐकायचं होतं.

"रजिस्टरमध्ये सही माझी आहे, तुझी नाही. तुला एकटं सोडलं ती चूक माझी, ते मी डॉक्टरांना सांगितलं, ऐकायचं ते ऐकून घेतलं. तुझं तू ऐक. आणि परत आलो म्हणून मी शाबासकी देईन असं वाटून राहिलं असेल तर ते डोक्यातून काढ. परत तर ऑटोवाला पण येतो. कॉलेजला लिहायचं का नाही ते मी अजून ठरवलं नाही. रोज सकाळी ठरवीन, तुझं थोबाड पाहून.

"आता जा, साबणानं तोंड धू. मी हुंगून पाहणार आहे, लाज वाटली तर वाटू दे. मग दद्दांची पट्टी तूच उघडायची, आज, उद्या, ते घरी जाईपर्यंत. उलटी आली तर कर, लाल बादली मी स्वतः पलंगाशी आणून ठेवते. पण उलटी करून परत यायचं, गॉजजवळ वाकायचं, आणि मला येऊन सांगायचं कशाचा वास आला. नुसतं आहे-नाही चालणार नाही. कसा आहे, कालच्यापेक्षा जास्त का कमी, सगळं. आणि अम्मानं विचारलं तर आधी तिला सांगायचं, मला नंतर. समजलं की नाही समजलं?"